जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत बॅटरी चार्ज होत नाही

प्रश्न: इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.५ व्होल्ट मिळतात आणि इंजिन चालू केल्यावरही आकडा तेवढाच राहतो. पट्टा घट्ट आहे. अल्टरनेटर (इंजिनच्या पट्ट्याने फिरून वीज बनवणारे व बॅटरी चार्ज करणारे यंत्र) बदलावा का?

उत्तर: घाई करू नका. इंजिन सुरू करण्यापूर्वी चार्जिंगचा लाल दिवा लागतो का, ते पाहा; जुन्या अल्टरनेटरमध्ये फील्ड कॉइलला (चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या गुंडाळीला) सुरुवातीचा प्रवाह बहुधा याच दिव्यातून मिळतो, त्यामुळे बल्ब उडाला असेल तर धडधाकट अल्टरनेटरही वीज देत नाही.

प्रश्नकर्ता: दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो.

दुसरे उत्तर: मग वीज बहुधा वाटेतच अडते आहे. इंजिन चालू ठेवून व हेडलाइट लावून मल्टिमीटरची एक पिन अल्टरनेटरच्या आउटपुट बोल्टवर आणि दुसरी थेट बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर टेकवा, ०.३ व्होल्टपेक्षा बराच जास्त फरक दिसला, तर केबल, तिचा लग (टोकाची धातूची कडी) किंवा फ्यूजिबल लिंक (जादा प्रवाहाने वितळणारा संरक्षक तारेचा तुकडा) यांत दोष आहे. अर्थिंगही (बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूची इंजिन-चेसिसशी जोडणी) असेच तपासा, कारण चिखलपाण्यात फिरलेल्या गाडीत इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी तांब्याची वेणी अनेकदा हिरवी पडून कुजलेली असते. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून पाहण्याची जुनी पद्धत मात्र कटाक्षाने टाळा. त्याने अल्टरनेटरमधले डायोड आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर जळू शकतात.