मदत हवी आहे: खाजगी ग्रुपमधला ऑडिओ थेट एचआरकडे

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला रामबागेत असतो. माझा आतेभाऊ इथल्याच एका प्रायव्हेट कंपनीत टीम लीड आहे, त्याने कॉलेजमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मणिपूरच्या एका सहकारी मुलीबद्दल, तिच्या चेहऱ्यावरून वगैरे, अत्यंत घाणेरडा व्हॉइस मेसेज टाकला, त्यातल्याच कोणीतरी तो एचआरला पाठवला आणि आता हातात शोकॉज (कारणे दाखवा) नोटीस.

आत्या म्हणते खाजगी बोलण्याचा नोकरीशी काय संबंध. तो म्हणतो फ्रीडम ऑफ स्पीच. मी म्हटलं बाबा, घटनेचं कलम 19 मुख्यतः सरकारपासून वाचवतं, आणि सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरली खरी, पण म्हणून कंपनीने ऐकलेलं न ऐकल्यासारखं करायचं का? 2014 ला अमेरिकेत बास्केटबॉल टीमचा मालक डोनाल्ड स्टर्लिंग, त्याचंही खाजगीतलंच वर्णद्वेषी बोलणं बाहेर आलं होतं, एनबीएने (तिथल्या बास्केटबॉल लीगने) आजन्म बंदी घातली आणि वर 25 लाख डॉलर दंड. तो तर मालक होता, हा बिचारा नोकर माणूस (बिचारा कसला, ती मुलगी त्याच्याच टीममध्ये आहे आणि तिचं अप्रेझल हाच करतो, मला तर ऐकून लाज वाटली).

असो. लेबर लॉ किंवा एचआरमधलं कोणी आहे का इथे? उत्तरात सरळ माफी मागितली तर ती कबुली म्हणून अंगाशी येईल का? आणि ज्याने फॉरवर्ड केलं त्याचा विषय काढावा की नको? सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय.