मदत हवी आहे : १४ फुटांवरच्या छताला दिवे बसवण्यासाठी शिडी घ्यावी की चाकांची परांची?

नमस्कार. मोठ्या खोलीच्या १४ फूट उंच छताला तीन लटकते दिवे बसवायचे आहेत. दोन हलके आहेत, तिसरे झुंबर मात्र ९ किलोचे आहे. तारांची जोडणी वायरमन करणार आहेत, परंतु वर चढण्याची सोय आपण करून ठेवा, असे त्यांनी सांगितल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे आला आहे.

हात वर करून निवांतपणे काम करायचे तर माझे हात साधारण साडेसहा फुटांपर्यंत पोहोचतात, म्हणजे पाय जमिनीपासून साडेसात फुटांवर तरी हवेत. घडीच्या शिडीच्या सर्वांत वरच्या दोन पायऱ्यांवर उभे राहायचे नसते, त्यामुळे ८ फुटी शिडी बाद होते आणि १० फुटीच घ्यावी लागते. (खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या ‘पोहोच’ या आकड्यात माणसाची उंचीही धरलेली असते, हे मला शिडी घरी आणल्यावर कळले.) अ‍ॅल्युमिनियममधून वीज वाहते, म्हणून शिडी फायबरग्लासचीच घ्यायची, हे ठरले आहे. एमसीबी बंद करणारच आहोत. पण इन्व्हर्टरची लाइन वेगळी असल्याने तीही बंद करून तारा तपासून घेऊ.

हलक्या दिव्यांचे त्यावर भागेल. अडचण झुंबराची आहे. शिडीवर एक हात आधाराला मोकळा हवा, आणि झुंबर धरायला दोन्ही हात लागतात. मागच्या आठवड्यात घरातल्या शिडीवर चढून झुंबराचे नुसते रिकामे खोके डोक्यावर धरून पाहिले, तर थोडे बाजूला कलताच शिडीचा एक पाय फरशीवरून करंगळीच्या जाडीएवढा उचलला गेला. मुकाट्याने खाली उतरलो.

म्हणून कठडे आणि ब्रेकची चाके असलेली परांची भाड्याने आणावी, असे वाटते. मोकळ्या उभ्या परांचीची उंची तळाच्या अरुंद बाजूच्या चौपटीच्या आत ठेवतात; अडीच फुटी तळावर साडेसात फुटांची फळी त्यात सहज बसते. दोन माणसे, झुंबर आणि ड्रिल मशीन मिळून भार १७५ किलोच्या आसपास जाईल, तेवढी क्षमता पाहूनच घेईन.

परंतु झुंबराच्या बरोबर खाली जमिनीला ६ इंचांची पायरी आहे, त्यामुळे परांचीचे दोन पाय वर आणि दोन खाली येतात. खाली विटा किंवा फळ्या रचणे मला मुळीच पटत नाही. चाकांवर स्क्रूने उंची कमीजास्त करता येणारे पाय एवढा फरक सुरक्षितपणे भरून काढतात का, की अशा जागी चाके काढून पक्के बूड लावणे योग्य? शिवाय स्लॅबमध्ये झुंबराच्या हुकाशेजारी दुसरा अँकर ठोकून कप्पीने झुंबर वर ओढावे आणि फळीवरच्या माणसाने फक्त ते हुकात अडकवावे, असे कोणी केले आहे का? केले असल्यास खालचा दोर कोणी आणि कुठे उभे राहून धरला, हे कृपया सविस्तर लिहावे.