बीपीसाठी व्हिटॅमिन डीच्या पुड्या: पटतं का तुम्हाला?

रामबागेची सून
इथे इंदूरला नेहरू पार्कात फिरायला येणाऱ्या आमच्या ओळखीतल्या काही आजी-आजोबांनी बीपीची गोळी दिवसाआड केलीय. रिपोर्टात डी कमी आलं, ‘त्यानंच बीपी चढतं’ असं कुणीतरी सांगितलं, आणि आता दर रविवारी ६०,००० युनिटची पुडी दुधातून घेणं सुरू आहे. मला खरंच काळजी वाटते. कमतरता असेल तर हाडांसाठी डी जरूर घ्यावं. पण बीपीसाठी घ्यायला माझा विरोध आहे. स्कॉटलंडमध्ये सत्तरीपुढच्या, वरचं बीपी चढं असलेल्या १५९ जणांवर चाचणी झाली. त्यातल्या निम्म्यांना वर्षभर दर तीन महिन्यांनी १ लाख युनिट दिले. २०१३ मध्ये निकाल आला: फरक नाही. २०१५ मध्ये ४६ चाचण्या एकत्र तपासल्या, तिथेही तेच.

लोकमान्यनगरवाला
ताई, गोळी सोडू नये हे मान्यच. पण म्हणून संबंधच नाही असं कसं? डीचा रिसेप्टर (पेशीत डीला ओळखणारा घटक) नसलेल्या उंदरांमध्ये रेनिन वाढलं आणि बीपी चढलं, हे २००२ मध्येच दिसलंय. मूत्रपिंडातून येणारं हे रेनिन रक्तवाहिन्या आवळणारी साखळी सुरू करतं. टेल्मिसार्टन हे बीपीचं औषध त्याच साखळीला अडवतं. आणि २०२४ मध्ये लेबनॉनहून आलेल्या अभ्यासात वजन जास्त असलेल्या ज्येष्ठांचं बीपी वर्षभर डी घेतल्यावर उतरलं. स्वस्त उपाय आहे, करून बघायला काय हरकत?

रामबागेची सून
दादा, लेबनॉनच्या त्या अभ्यासात दोन्ही गटांना डी होतं, एकाला कमी आणि एकाला जास्त. नुसती साखरेची गोळी घेणारा गटच नव्हता! जास्त डोसवाल्यांना जास्त फायदाही झाला नाही. मग बीपी डीनं उतरलं की वर्षभर डॉक्टरांच्या नजरेखाली राहिल्यानं, हे कसं ठरवणार? शिवाय जो आजारी असतो, जाड असतो, तो घरात बसतो. ऊन मिळत नाही आणि डी चरबीतही अडकून बसतं. म्हणजे डी कमी आणि बीपी जास्त हे एकाच माणसात सापडलं, तरी एकामुळे दुसरं झालं असं होत नाही.

मेडिकलवाला छावणी
‘काय हरकत’ वर बोलतो, कारण काउंटरवर रोज बघतो. बीपीच्या गोळ्यांच्या पट्टीमागे बारीक अक्षरात क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड लिहिलंय का ते वाचा. ही औषधं लघवीतून जाणारं कॅल्शियम रोखून धरतात. त्यावर कॅल्शियमची गोळी आणि महिनोन् महिने आठवड्याची पुडी, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम चढायची वाट मोकळी. मग सारखी तहान, बद्धकोष्ठता, सुस्ती, म्हाताऱ्या माणसाला भ्रम. आणि कॅल्शियम चढलं की बीपी उलट वाढू शकतं. पुडी साधारण आठ आठवडे सांगतात, पण लोक वर्षभर तीच चिठ्ठी दाखवतात. चिठ्ठीवरची तारीख बघा.

सुखलियाची मावशी
मी दुसऱ्या बाजूची. माझं वय ६८. पाळी गेल्यावर बायकांचं बीपी झपाट्यानं वर येतं, आणि आमच्या पिढीच्या बायका दिवसभर ओट्याशी. डी तपासूच नका म्हणाल, तर कंबर मोडल्यावर कळणार. मला पुडीनं पायातला ठणका कमी झाला, हात धरून उठावं लागत नाही. ते खोटं का?

रामबागेची सून
मावशी, अजिबात खोटं नाही. ज्याची हाडं दुखतात, जो पडतो, त्यानं डॉक्टरांना विचारून तपासावं, घ्यावं. माझं म्हणणं फक्त बीपीपुरतं.

लोकमान्यनगरवाला
ठीक, बीपीसाठी पुरावा कच्चा आहे, मानलं. पण ऊन तरी घ्या की! सकाळी सातचं कोवळं ऊन डीसाठी जवळजवळ कामाचं नाही, काचेआडचंही नाही. आपली सावली सगळ्यात आखूड असते तेव्हाचं लागतं, म्हणजे हिवाळ्यात अकरा ते एकच्या सुमाराला थोडा वेळ गच्चीवर, हात-पाय उघडे ठेवून.

रामबागेची सून
ते मात्र पटलं. आणि बीपीसाठी आधी शेव-नमकीन आवरूया. दिवसाला मीठ सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा सपाट चमचा. आमच्या सासऱ्यांच्या गोळ्यांच्या पट्टीवर क्लोरथॅलिडोन आहे, आत्ताच बघितलं. उद्या कॅल्शियमची तपासणी लिहून घेते.