सात ठिपक्यांचा केस ट्रॅपर
विक्रेता 'केस' या अमेरिकी कंपनीच्या ट्रॅपर (घडीच्या) चाकूला, म्हणजे ६२५४ क्रमांकाच्या नमुन्याला, '१९६५ चा' म्हणतोय, पण पात्याच्या मुळाशी 'केस एक्सएक्स यू.एस.ए.' खाली सात ठिपके आहेत, म्हणजे साल १९७३. १९७० ला दहा ठिपके होते, पुढे दरवर्षी एक कमी. १९६५-६९ च्या शिक्क्यात ठिपकेच नाहीत. ६२५४ या क्रमांकात ६ म्हणजे हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती, ५४ ट्रॅपरचा नमुना.

दुसरं पातंही उघडून बघाच. शिक्क्याजवळची जागा घासून पातळ झालेली दिसली, पातं आणि मुठीतल्या पितळी पट्टीत फट असली, तर जुना शिक्का पुसून नवा मारल्याचा संशय घ्या. आणि कृपा करून पॉलिश करू नका! कारखान्यातल्या घासणीच्या बारीक रेषा गेल्या की किंमत पडते; गंजावर फक्त तेलाचा थेंब आणि मऊ कापड.