सेल्फ पोर्ट्रेटमधलं फुलपाखरू ठेवू की काढून टाकू?

कोथरूडची_रंगवेडी
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. सहकारी बँकेत कॅश काउंटरला होते, मागच्या वर्षी व्हीआरएस घेतली, आधी फक्त रविवारी क्लासला जायचे आता रोजच काहीतरी काढते. सध्या ऑइलमध्ये सेल्फ पोर्ट्रेट चालू आहे, कॅनव्हास २४ बाय ३०. कल्पना अशी की चेहऱ्याचा अर्धा भाग राखाडी म्हणजे नोकरीतली मी, अर्धा रंगीत म्हणजे आताची मी, मागे तडा गेलेला आरसा, खांद्यावर फुलपाखरू आणि खाली कमळ. क्लासमध्ये सगळ्यांना आवडलं पण नवरा म्हणाला योगा सेंटरचं पोस्टर वाटतंय. राग आला, पण तेव्हापासून मलाही तेच दिसतंय 😒 फुलपाखरू काढलं तर मी बदललेय हे लोकांना कळेल का?

सदाशिवपेठी_शिष्ट
यजमानांना चित्रातलं कळतं. जपून ठेवा.

फुलपाखरू, कमळ, तडकलेला आरसा हे त्रिकूट बालगंधर्वच्या कलादालनात कायम भेटतं, फक्त खालची सही बदलते.

जुना_अभिनवकर
शिष्ट नेहमीप्रमाणे तिरकस बोललेत पण मुद्दा बरोबर आहे. ताई, तुम्ही बँकेतल्या म्हणून मला लगेच भूपेन खख्खर आठवले. माणूस सीए, बडोद्याला राहायचा, चित्रकार म्हणून नाव झालं तरी कितीतरी वर्षं अर्धवेळ हिशेबाची नोकरी करत होता. त्यांचं १९८१ चं 'यू कान्ट प्लीज ऑल' बघा, आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. बाल्कनीत एक उघडा माणूस आपल्याकडे पाठ करून उभा आहे, तो ते स्वतःच, आणि खाली गावात बाप-मुलगा-गाढव ही आपली लहानपणची गोष्ट चालू आहे. लोक काय म्हणतील या भीतीतून बाहेर पडलेला माणूस, समलिंगी असणं उघडपणे जगायला लागलेला, आणि ते सांगायला त्यांनी काय घेतलं तर पोराटोरांना माहीत असलेलं गाढव! चेहरासुद्धा धड दिसत नाही, तरी यापेक्षा खासगी सेल्फ पोर्ट्रेट मला तरी माहीत नाही.

दुसरं म्हणजे मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो, तिचं १९३९ चं 'टू फ्रिडाज'. तुमच्यासारखंच दोन 'मी' आहेत पण तिने चेहरा मधून कापला नाही, दोघींना शेजारी बसवलं, एक पांढऱ्या युरोपियन ड्रेसमध्ये आणि एक तेवाना म्हणजे मेक्सिकोतल्या पारंपरिक पोशाखात. दोघींची हृदयं उघडी, एकच रक्तवाहिनी दोघींतून जाते, एकीच्या हातात नवऱ्याचं म्हणजे दिएगोचं इवलंसं चित्र आणि दुसरीच्या हातात सर्जनची चिमटी, तिने वाहिनी दाबून धरलीय तरी रक्त स्कर्टवर ठिबकतंय. त्याच वर्षी त्यांचा घटस्फोट झाला. यातलं काहीच बाजारातून उचललेलं नाही, अपघात आणि ऑपरेशनं भोगलेल्या बाईच्या घरात जे होतं ते आहे. तर प्रश्न असा की तुमच्या काउंटरवर काय काय असायचं?

निवृत्त_पण_नोकरदार
मला त्या राखाडी अर्ध्याचा राग आलाय आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाहीये. मीपण सरकारी ऑफिसात जन्म काढला. एवढी वर्षं काय नुसती राखाडी होती का हो? मैत्रिणी, डबे, मार्च एंडला रात्री उशिरापर्यंत बसून हसणं? आणि रंगांच्या ट्यूबा कुठल्या पैशातून आल्या? आज मोकळं वाटतंय म्हणून कालच्या बाईला बेरंग करणं हे मला पटत नाही. तुमचं चित्र आहे, तुम्ही ठरवा.

ओला_कॅनव्हास
टेक्निकल बोलतो. बदल दाखवायला चिन्हच कशाला पाहिजे, ऑइलमध्ये तो रंगाच्या थरातच दाखवता येतो. जुना चेहरा पूर्ण खरवडू नका, वाळू द्या आणि त्यावर नव्याने काढा, कुठेकुठे खालचा राखाडी दिसू द्या. वरच्या थरात जवस तेल खालच्यापेक्षा जास्त हवं नाहीतर पुढे भेगा पडतात. पावसाळ्यात पुण्यात वाळायला वेळ लागतो, त्यात टायटॅनियम व्हाइट आधीच संथ, घाई नको.

जुना डच चित्रकार रेम्ब्रांट, त्याचं म्हातारपणीचं दोन वर्तुळांचं सेल्फ पोर्ट्रेट आहे, लंडनच्या केनवुड हाउसमध्ये. एक्स-रे काढला तर कळलं की आरशात दिसला तसा उलटा हात आधी काढला होता, मग बदलून ब्रश-पॅलेट दुसऱ्या हातात दिले.

आणि तुम्ही सेल्फीवरून काढत असाल तर बंद करा. जवळून घेतलेल्या फोटोत नाक मोठं येतं आणि कान मागे पळतात. आरसा लावा, उजेड एकाच बाजूने.

कोथरूडची_रंगवेडी
बापरे एवढं सगळं! सेल्फीवरूनच काढत होते हो 🙈

निवृत्त ताई, तुमचं वाचून जरा गप्प बसले. काउंटर आठवला तर आधी आठवला तो नोटा मोजायचा ओला स्पंज, बोटांची टोकं दिवसभर सुरकुतलेली असायची, आणि पितळी टोकन. शाखेत मशीन आल्यावर टोकनं बंद झाली, एक मी मॅनेजरना विचारून ठेवलंय, नंबर पार झिजलाय. फुलपाखरू आणि कमळ जाणार. आरसा अजून ठरत नाहीये. राखाडी अर्ध्यावर आता त्वचेचा रंग चढवते, थोडा खालचा ठेवून. बोटं मात्र सुरकुतलेलीच काढणार आणि त्यात टोकन.

पण पितळ कसं आणायचं? गोल्डन ट्यूब मिळते ती आणू का?

ओला_कॅनव्हास
अजिबात नको, ती भिंतीवरच्या देवाच्या फोटोसारखी चमकते. यलो ऑकर आणि बर्न्ट अंबर, सावलीत किंचित हिरवट, आणि जिथे उजेड पडतो तिथे व्हाइटमध्ये लेमन यलोचा एकच ठिपका. धातू दिसतो तो कडक कडांमुळे, फार घोटत बसू नका. टोकन हातात धरूनच आरशासमोर बसा, त्यावर तुमच्या साडीचा रंगही पडेल, तोही घ्या.

सदाशिवपेठी_शिष्ट
झालं की फोटो टाका. यजमानांचा अभिप्रायही टाका.