किम पॉसिबलसाठी ओसी बनवतेय, पण ती आली की सगळी कॉमेडीच बंद पडते. मदत हवीये

निळीशाई

नमस्कार मंडळी, किम पॉसिबलच्या (शाळेत जाता जाता जग वाचवणाऱ्या मुलीची डिस्नेची कार्टून मालिका) दुनियेसाठी एक ओसी, म्हणजे माझं स्वतःचं पात्र, बनवतेय, फॅनफिक पण लिहायचंय आणि चित्रं पण काढायचीयेत. नाव नोव्हा. वय १७, ग्लोबल जस्टिसची (मालिकेतली गुप्तहेर संस्था) सगळ्यात तरुण आणि एक नंबर एजंट, हातातून प्लाझ्मा फेकणाऱ्या व्हिलन शीगोची चुलत बहीण, त्यामुळे हातातून जांभळा प्लाझ्मा निघतो. आईवडील एका मिशनमध्ये मारले गेले म्हणून कोणाशी फार बोलत नाही. काळे केस, त्यात एक जांभळी बट. किमच्या शाळेत, मिडलटन हायमध्ये, अंडरकव्हर येते आणि हळूहळू किम आणि तिचा जोडीदार रॉन यांच्याशी मैत्री होते असा प्लॅन आहे.

पहिला सीन लिहून झालाय, मारामारी छान जमलीये, पण अख्ख्या सीनमध्ये एकदाही हसू येत नाही आणि मालिका तर पहिल्यापासून शेवटपर्यंत कॉमेडी आहे ना. नोव्हा खोलीत आली की सगळे गंभीर होतात, रॉनसुद्धा! मैत्रिणीने वाचलं आणि म्हणाली ही मेरी स्यू आहे, म्हणजे जरा जास्तच परफेक्ट पात्र. मला नोव्हा मनापासून आवडते, तिला फेकून नवीन कोणी आणायचं नाहीये. काय काय बदलू सांगा. आणि ड्रेसचं पण बघा कोणीतरी, काळा टॉप आणि कार्गो पँट दिलीये तर ती केस रंगवलेली किमच दिसतेय.

मोलरॅट_प्रेमी

आधी कॅननचं (मूळ मालिकेत जे दाखवलंय त्याचं) बोलतो कारण तिथेच बरंच काही सुटेल. शीगोची पॉवर खानदानी नाहीये. लहानपणी पाच भावंडं ट्रीहाऊसमध्ये होती, त्याच्यावर इंद्रधनुषी धूमकेतू आदळला आणि त्यांना वेगवेगळ्या रंगांच्या वेगवेगळ्या पॉवर मिळाल्या, फक्त जुळ्या भावांना एकच. म्हणजे त्या दिवशी त्या झाडावर जे होते त्यांनाच, चुलत बहिणीला काय म्हणून मिळेल? आणि जांभळा तर तिच्या भावाचा, मेगोचा आहे, त्याची पॉवर म्हणजे तो आकसून छोटा होतो. दुसरं, ग्लोबल जस्टिसचा एक नंबरचा तरुण एजंट पण आधीच आहे, विल डू. तो किमला अमॅच्युअर म्हणून हिणवतो आणि त्या तोऱ्यामुळेच मजा येते. तुझी नोव्हा म्हणजे तोरा काढून टाकलेला विल डू आणि त्याला शीगोचे हात, म्हणून ती नवीन वाटत नाही.

आता हसू का येत नाही ते. या मालिकेत कोणीही घे, त्याचं मोठं काम आणि त्याची छोटी घरगुती भानगड दोन्ही एकदम चालू असतात. व्हिलन ड्रॅकन, शीगोचा बॉस, जग जिंकायला निघालाय आणि त्याच्या आईला वाटतं मुलगा रेडिओवर लोकांना सल्ला देणारा डॉक्टर आहे, आई अड्ड्यावर आली की त्याची जी धांदल उडते ना, अख्ख्या एपिसोडमध्ये किमने दिलेल्या मारापेक्षा त्याला आईची जास्त भीती. शीगो एवढी डेंजर, पण बॉस भाषण ठोकत असताना ती नखं घासत बसलेली असते. रॉनला माकडांची भयंकर भीती कारण समर कॅम्पला त्याच्या खोलीत चिंपांझी होता, आणि मग व्हिलन कोण येतो तर मंकी फिस्ट, आणि पॉवर कुठली मिळते तर माकडांचीच. बघ, लेखकांनी भीती दिली आणि मग पुढचं सगळं नेमकं त्या भीतीवरच आणून टाकलं. रॉनचा पाळीव मोलरॅट (उंदरासारखा प्राणी) रूफस पण बिनकेसाचा का, तर रॉनच्या वडिलांना केसाळ प्राण्यांची अॅलर्जी. कारण इतकं साधं असतं म्हणून ते खरं वाटतं.

नोव्हाला अशी भानगडच नाहीये. दुःख आहे, पण दुःखाने सीन थांबतो, पुढे सरकत नाही. आईवडील जिवंत ठेव असं मी म्हणेन. किमची आई ब्रेन सर्जन, वडील रॉकेट सायंटिस्ट, आणि तरी ते जेवणाच्या टेबलावर बाकीच्या आईवडिलांसारखेच मुलांच्या मागे लागतात, जुळे भाऊ घरात स्फोट करतात. या मालिकेत घर भरलेलं असतं.

दुसरी_बाजू

वरचं बरंचसं पटलं पण एका गोष्टीवर माझं वेगळं मत आहे. नोव्हा भारी आहे म्हणून प्रॉब्लेम आहे असं कोणी समजू नका प्लीज. प्रत्येक वेळी एखाद्या मुलीने दमदार ओसी बनवली की लगेच मेरी स्यू, मेरी स्यू सुरू होतं आणि मला ते खरंच आवडत नाही. तो शब्द आला १९७३ मध्ये, पॉला स्मिथ यांनी स्टार ट्रेकच्या एका फॅनझिनमध्ये (चाहत्यांनी काढलेल्या मासिकात) छोटीशी विडंबन कथा लिहिली होती, त्यातली लेफ्टनंट मेरी स्यू साडेपंधरा वर्षांची आणि ताफ्यातली सगळ्यात तरुण. तिथे टोमणा होता तो सगळी कथा एकाच पात्राच्या पाया पडते याला. पात्राला खूप काही येतं याला नाही.

किमकडेच बघा. तिची वेबसाइटच सांगते की ती काहीही करू शकते आणि ती करतेही! बॉम्ब, लेझर, उंचावरून उड्या, काही म्हणजे काही अडत नाही. पण होम इकॉनॉमिक्सच्या वर्गात तिला साधा पदार्थ जमत नाही आणि रॉन तिथे उस्ताद निघतो, तेव्हा तिचा जो जळफळाट होतो तो बघण्यासारखा आहे. तिला आवडणारा जॉश मँकी समोर आला की तिची जीभ अडखळते. म्हणजे ताकद कमी नाही केली लेखकांनी, ताकद जिथे कामाला येत नाही अशा जागी तिला उभं केलं. तू पण तेच कर, नोव्हाला दुबळी करू नकोस, शाळेत आण. लॉकर उघडेना, ग्रुप प्रोजेक्टमध्ये किमची शाळेतली वैरीण बॉनी, तिच्यासोबत जोडी, असल्या ठिकाणी प्लाझ्मा काय करणार?

अजून एक, तुझा सीन मारामारीने सुरू होतो. मालिकेत बऱ्याचदा शाळेतली भानगड आधी येते, मग किमला मिशन कळवणाऱ्या कम्प्युटरवाल्या वेडचा कॉल येतो, आणि मग मिशनवर लेझर चुकवता चुकवता किम-रॉन शाळेतल्याच विषयावर भांडत असतात. तो क्रम पकड. भांडण चालू राहिलं पाहिजे, लेझर मध्ये मध्ये आले पाहिजेत.

पेन्सिलवाली

चित्राबद्दल मी सांगते. या मालिकेचे कॅरेक्टर डिझाइन स्टीफन सिल्व्हर यांनी केलेत आणि त्यांच्या कामात पहिली गोष्ट दिसते ती आकार. पूर्ण चित्र काळ्या रंगाने भरून टाक आणि मग बघ ओळखू येतंय का. किमचे बाहेर वळलेले केस आणि ढगळ कार्गो, ड्रॅकनचा लांब कोट आणि शेंडी, शीगोची केसांची लांबलचक लाट, सगळे नुसत्या सावलीतून कळतात. तुझी नोव्हा काळी केली तर किमच उरणार, तू स्वतःच तसं म्हणालीस.

रंगाचं म्हणशील तर जांभळा सोडच. मेगोचा आहेच, आणि चौथ्या सीझनमध्ये किमचा मिशन ड्रेस पण जांभळा-काळा झाला. शीगोचा ड्रेस नीट बघ, हिरवा-काळा आहे पण दोन्ही बाजूंना सारखा नाही, एका हाताला एक रंग आणि दुसऱ्या हाताला दुसरा, त्यामुळे ती लढताना कुठल्या बाजूने वळली ते पटकन कळतं. हे नुसतं फॅशन म्हणून नाहीये, हलणाऱ्या चित्रात त्याचा उपयोग होतो.

आणि बट, डोळ्यावरचा व्रण, लॉकेट, टॅटू असं सगळं चिकटवू नकोस. या स्टाइलमध्ये रेषा कमी असतात, एका बाजूला सरळ रेष असेल तर समोरच्या बाजूला वक्र, गुडघे-कोपर टोकदार. एकच वस्तू दे आणि ती कॅरेक्टरच्या स्वभावातून येऊ दे. उभी पोज काढत बसण्यापेक्षा आधी चेहऱ्याचे हावभाव काढ: वैतागलेली, लाजलेली, खोटं बोलताना पकडलेली, काहीच न कळलेली. नोव्हाचा "काहीच कळलं नाही" असा चेहरा काढता आला नाही तर समज की ती अजून कॉमेडीत आलेली नाही. कोणाच्या बेसवर (दुसऱ्याने काढलेल्या तयार आकृतीवर) काढणार असशील तर क्रेडिट नक्की दे.

निळीशाई

बापरे किती छान उत्तरं दिलीत सगळ्यांनी, खूप खूप थँक्स! धूमकेतूचं वाचून शीगोचं नातं काढून टाकलं, प्लाझ्मा पण काढला. आईवडील परत आणले 😊. पण दुसरी_बाजू, शाळेत आणायचं म्हणजे तिचा गंभीरपणा जाईल का? मला तीच गोष्ट तिच्यात सगळ्यात जास्त आवडते, ती प्रत्येक गोष्ट जीव तोडून करते.

मोलरॅट_प्रेमी

अगं गंभीरपणा काढूच नकोस, तोच तर तुझा हुकमी एक्का आहे! फक्त तो नको त्या गोष्टीवर लाव. सिन्योर सीनियर सीनियर आठव, रॉन त्याच्या बेटावर जाऊन सहज बोलून जातो की हे सगळं व्हिलनच्या अड्ड्यासारखं दिसतं, आणि तो म्हातारा ते इतकं मनावर घेतो की खरंच व्हिलन होतो आणि मग व्हिलनगिरीचे सगळे रीतिरिवाज निष्ठेने पाळतो. तो कधीच विनोद करत नाही, तरी त्याच्यावर हसू येतं आणि तो आवडतोही.

आता तुझ्यासाठी एक आयडिया, आवडली तर घे. एका एपिसोडमध्ये ग्लोबल जस्टिसला वाटतं की किमच्या यशाचं खरं गुपित म्हणजे रॉन, त्याला ते रॉन फॅक्टर म्हणतात आणि त्याला न्यायला येतात. समज नोव्हा ही तिथली ज्युनियर एजंट आहे आणि तिने ती फाइल वाचलीये, आणि बाकी ऑफिसने विषय सोडला तरी तिचा रॉन फॅक्टरवर पूर्ण विश्वास आहे. म्हणून ती मिडलटन हायमध्ये आलीये, किमसाठी नाही, रॉनवर लक्ष ठेवायला. वही घेऊन. रॉन अडखळला की ती लिहिते, पँट सुटली की वेळ नोंदवते, आणि त्याच्या पँटमध्ये पाय अडकून गुंड पडला की तिच्यासाठी ते सिद्ध झालेलं तंत्र!

पेन्सिलवाली

अरे हे फारच भारी आहे!! मग वस्तू पण मिळाली, वही. खिशात मावणार नाही अशी मोठी, छातीशी धरलेली, सावलीत पण लगेच दिसेल. रंग ग्लोबल जस्टिसच्या युनिफॉर्मच्या जवळचा ठेव पण शाळेचे कपडे दे, घडी न मोडलेले, कारण तिने "सामान्य विद्यार्थी" कसा दिसतो हे मॅन्युअलमध्ये वाचलंय.

दुसरी_बाजू

हो आणि यात मेरी स्यूची भीती आपोआप जाते, कारण कथा तिच्या पाया पडत नाही, तीच रॉनकडे बघत असते. एक काळजी घे पण. रॉनला नुसता मूर्ख करू नकोस. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी किमपेक्षा महत्त्वाचा समजतंय, तो फुगणार, मग किमला ते खुपणार, आणि शेवटी नोव्हाची वही त्याच्या हातात पडल्यावर त्याला कळणार की ती त्याची मैत्रीण नाही, त्याचा अभ्यास करत होती. तिथे खरं दुखू दे. इतकी चांगली जागा हातातून घालवू नकोस, आणि तिथे जोक अजिबात टाकू नकोस.

निळीशाई

मी आत्ता बसून एक तुकडा लिहिला, सांगा कसा वाटतो:

*कॅफेटेरियात नोव्हाने ट्रे उचलला, रॉनसारखाच डाव्या हाताने, रॉनसारखाच थोडा तिरका. तीन पावलं चालली. मग काळजीपूर्वक आजूबाजूला बघून स्वतःच्याच बुटात पाय अडकवला आणि सरळ बॉनीच्या अंगावर कोसळली. सगळं कॅफेटेरिया गप्प. नोव्हा उठली, केसातून नूडल काढली, वही उघडली.*

*"शत्रू खाली पडला," तिने लिहिलं. "पण पळून जायचा रस्ता फाइलमध्ये दिलेला नाही."*

*"अगं, तू ठीक आहेस ना?" रॉनने विचारलं.*

*"हे तुम्ही रोज कसं करता, सर?"*

मोलरॅट_प्रेमी

"सर" वाचून जोरात हसलो! रॉनला सर म्हणणारी अख्ख्या मिडलटनमध्ये ती एकटीच असेल. एकच सुचवतो, "काळजीपूर्वक आजूबाजूला बघून" काढून टाक. ती बघत बसली तर आपल्याला आधीच कळतं की मुद्दाम पडणार आहे. नुसतं "तीन पावलं मोजली आणि स्वतःच्याच बुटात पाय अडकवला" असं ठेव. आणि रूफस कुठाय? तो रॉनच्या खिशातून हे सगळं बघतोय, नोव्हाचं खरं काय ते सगळ्यात आधी त्याला कळू दे, पण त्याचं बोलणं फार कोणाला धड समजत नाही, म्हणजे वही सापडेपर्यंत तुला तीन-चार सीन आरामात मिळतात.

पेन्सिलवाली

रूफस वही कुरतडताना काढ पुढच्या वेळी, आणि स्केच झालं की इथेच टाक.