दर महिन्याची पाळी हाच बाईच्या शरीराचा निसर्ग का?

रानजाई:
पाळी थांबवणाऱ्या गोळ्यांचा विषय निघाला की "निसर्गात ढवळाढवळ नको" हे उत्तर ठरलेलं. पण कुठला निसर्ग? पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात डोगोन समाजातल्या बाया पाळीत वेगळ्या झोपडीत राहत, त्यामुळे मानववंशशास्त्रज्ञ बेव्हर्ली स्ट्रासमन यांना नेमक्या नोंदी ठेवता आल्या. तिथे बाईला आयुष्यभरात साधारण १०० पाळ्या येत. शहरातल्या आपल्याला ४०० च्या आसपास. हजारो पिढ्या बाईची बरीच वर्षं गरोदरपणात आणि अंगावर पाजण्यात गेली. इतक्या वेळा बीज सुटणं हेच नवीन आहे. बीज सुटणं थांबवणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत बीजकोशाचा कर्करोग कमी आढळतो, तो उगाच नाही. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे (२०१९-२१ ची पाहणी). ज्यांच्या अंगावर खूप जातं, त्यांनी ते दरमहा का सोसायचं?

वासंतिक:
साफ असहमत. त्या १०० पाळ्यांमागे आठ-नऊ बाळंतपणं आहेत, ती तुम्ही सोडून दिलीत. उत्क्रांतीला किती पोरं जगली याच्याशी मतलब, बाई किती सुखात होती याच्याशी नाही. आणि गोळी म्हणजे गरोदरपण नव्हे. गौरी-गणपती आले की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय नॉरएथिस्टेरॉन, म्हणजे पाळी लांबवायची गोळी, आणतात. ज्यांना रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका आहे, त्यांना ती घातक ठरू शकते. विचारतं कोण?

रानजाई:
डॉक्टरला विचारून घ्या, हेच तर म्हणतेय. सोवळ्यासाठी घेतलेली गोळी आणि त्रासासाठी घेतलेली गोळी एका मापाने मोजू नका.

बालाघाट:
आमच्या बीडकडे "पाळीची कटकट नको" हे गोळीवर थांबलं नाही, थेट पिशवी काढण्यावर गेलं. ऊसतोडीला गेलेल्या बाईचा एक खाडा झाला की मजुरी जाते, वर दंड. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची असते. चाळिशीच्या आतल्या कितीतरी जणींची पिशवी गेलेली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमावी लागली. सोबत बीजकोशही काढले तर हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. हे ऑपरेशनआधी सांगितलं किती जणींना?

रानजाई:
म्हणूनच सांगते, त्यांना गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉइल वेळेत मिळाली असती तर कितीतरी पिशव्या वाचल्या असत्या. रक्तस्राव निम्म्याहून कमी होतो तिने.

बालाघाट:
कॉइल द्या, नको कोण म्हणतंय. पण फडावर ना संडास, ना धुवायला पाणी. पाळी थांबली तरी अंगावर पांढरं जाणं, जंतुसंसर्ग, कंबरदुखी तशीच. आणि ताप आला तरी खाडा कापतातच. मुकादमाला आधी तो दंड बंद करायला लावा, कॉइलचं मग बोलू.